दारातली दुसरी बाई

ऐकीव गोष्ट नाही ही. मी स्वतः बघितलंय. आणि तेही रविवारी सकाळी, लख्ख उन्हात, माणसांनी भरलेल्या चर्चच्या दारात.

माझी मावशी तिथली जुनी सभासद. उपासनेआधी दारात उभं राहायचं, येणाऱ्याशी हात मिळवायचा, हे तिचं काम. जुना असो की परका, स्वागत सारखंच. जोडीला तिची जिवलग मैत्रीण, कपडे शिवणाऱ्या टेलरबाई. मावशी उजवीकडे, टेलरबाई डावीकडे. आत बसायच्या त्याही खेटून. मावशी दुसऱ्या कोणाशी जरा जास्त बोलली की टेलरबाईंचं तोंड फुगायचं. आम्ही हसायचो.

मग टेलरबाई गेल्या.

पाळकांनी डावीकडे एका नर्सला उभं केलं. आदल्या वर्षीच सभासद झालेली, हसरी. मावशीशी तिची लगेच गट्टी जमली.

पहिल्याच रविवारी एक अनोळखी गृहस्थ आले. नर्सने हात पुढे केला...

त्यांनी तिच्या शेजारच्या रिकाम्या जागेशी हात मिळवला.

हसून मान डोलावली आणि आत गेले.

"चष्मा विसरले वाटतं!" नर्स म्हणाली.

पुढे एक तरुण जोडपं आलं. तेही पहिल्यांदाच. दोघांनीही तेच केलं. आम्हा जुन्या मंडळींना मात्र तिथे काहीच दिसत नव्हतं.

उपासनेनंतर चहाच्या वेळी मावशीने त्या जोडप्यातल्या मुलीला गाठलंच. "दारात हात कोणाला दिलास गं?"

"त्या दुसऱ्या बाईंना. गळ्यात मापाची टेप होती त्यांच्या." मुलगी जरा घुटमळली. "चिडल्या होत्या. म्हणाल्या, त्या नर्सला सांग, माझी जागा सोड."

मावशीने चहा तसाच ठेवला आणि नर्सला जाऊन सांगितलं.

नर्सने ते हसण्यावारी नेलं. पुढच्या उपासनेला ती मुद्दाम मावशीला खेटून बसली. मी त्यांच्या मागच्याच बाकावर. प्रार्थनेला सगळे शांत झाले, आणि...

टर्र...

नर्सच्या बाहीची शिवण उसवत होती. एकेक टाका. खांद्यापासून मनगटापर्यंत.

कोणाचाही हात लागला नव्हता.

ती जी उठून गेली, ती परत आलीच नाही.

मावशी घाबरली असेल असं मला वाटलं. छे! ती जळत होती. "परक्यांना दिसते, परक्यांशी बोलते. आणि मी कोणीच नाही का गं तुझी?" दारात डावीकडे तोंड करून ती चक्क भांडली.



वर्षं गेली. मावशीला विसर पडायला लागला. आधी किल्ल्या, मग माणसं. रविवारी मी तिला हाताला धरून न्यायचो.

मागच्या महिन्यात ती चर्चच्या पायरीवर थबकली.

"हे कुठे आणलंस रे मला? मी इथे कधी आलेच नाही."

मग तिने माझ्या हातातून हात सोडवला...

आणि डावीकडे पुढे केला.

किती दिवसांनी तिचा चेहरा एवढा खुलला होता!

आत गेल्यावर मी तिच्याशेजारी बसायला लागलो, तर तिने बाकावर पंजा ठेवला.

"अहो, इथे नका बसू. ह्यांना आवडत नाही."

अहो... मला!

मी मागे जाऊन बसलो. आता दर रविवारी तिथेच बसतो. मावशी अधूनमधून शेजारी कान देऊन काहीतरी ऐकते. मान डोलावते. आणि मग वळून माझ्याकडे बघते...

माझ्याबद्दल तिला काय सांगितलं जातंय, देव जाणे.