भाऊसाहेबांच्या पोटातला खडा

"हा डबा मी घेतलाय," ती म्हणाली.

"घेतलाय कुठे? अजून फळीवरच आहे. आणि हात तर माझाही आहे त्याच्यावर."

मासेमारीचं सामान विकणारं ते दुकान इतकं अरुंद होतं, की दोन माणसं आत शिरली की तिसऱ्यानं बाहेर थांबायचं. जिवंत रातकिड्यांचा शेवटचा डबा, आणि त्यावर दोन हात. एक तिचा... बोटांच्या पेरांवर काचेची पांढरी भुकटी बसलेला. ती चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत बसून भिंगं घासायची. दुसरा त्याचा, नखांच्या कडेला वंगणाच्या काळ्या रेघा. तो लिफ्ट दुरुस्त करायचा आणि रविवारी गळ टाकून बसायचा.

"कुठला मासा धरायचाय एवढ्या तातडीनं?" त्यानं विचारलं.

"मासा नाही. बेडूक आहे घरी. नऊ दिवस झाले, जेवला नाहीये."

तो हसेल असं तिला वाटलं होतं. सगळेच हसायचे. पण त्यानं हळूच हात काढून घेतला.

"घ्या. माझ्या माशांना मी सांगतो समजावून. म्हणावं, घरी आजारपण आहे." मग जरा थांबून, "डॉक्टरांना दाखवलंत?"

"बेडकाचे डॉक्टर असतात?"

"एक बाई आहेत. त्यांच्या दवाखान्याची लिफ्ट माझ्याकडेच आहे. परवा तिच्यातून एक कासव वर गेलं. चला, पत्ता देतो. नाही... चला, दाखवतोच."

हा बेडूक तिच्याकडे आला तो दुकानातल्या मैत्रिणीमुळे. ती परदेशी निघाली, बेडकाला सोबत नेता येईना. अंगठ्याएवढा, कोवळ्या पानासारखा हिरवा, बोटांच्या टोकांना गोल गाद्या, आणि चेहऱ्यावर सेवानिवृत्त अधिकाऱ्याचा भाव. म्हणून ते भाऊसाहेब. "मी सांभाळीन," असं ती सगळ्यांसमोर म्हणून बसली, आणि घरी मावशीनं कपाळाला हात लावला.

"तू? पोहणं सोडलंस, व्हायोलिन सोडलंस, ठरलेलं लग्न सोडलंस. हा बिचारा किती दिवसांचा पाहुणा?"

मावशी हसत म्हणाली होती. पण ते लग्नाचं तिला लागलं. ते तिनं का सोडलं, हे तिनं कुणालाच धड सांगितलं नव्हतं. त्या दिवशी तिनं मनाशी चंग बांधला, की काय वाटेल ते होवो, हे अर्ध्यावर सोडायचं नाही.

आणि ती खरंच कामाला लागली. नळाचं पाणी तसंच द्यायचं नाही, त्यातलं क्लोरीन मारायला वेगळे थेंब घालायचे. हात लावायचाच झाला तर साबणाचा नको, ओला हवा. उभ्या काचपेटीत सकाळ-संध्याकाळ पाण्याचा फवारा. रातकिडे द्यायचे तेही कॅल्शियमच्या पावडरीत घोळवून. सगळं बिनचूक केलं. फक्त पेटी छान दिसावी म्हणून तळाशी पांढरे चकचकीत खडे पसरले.

घरून भाऊसाहेबांना डबीत घालून दोघं दवाखान्यात पोचली. डॉक्टरबाईंनी एक्स-रे प्रकाशासमोर धरला तेव्हा त्यातला एक खडा भाऊसाहेबांच्या पोटात स्पष्ट दिसला.

"रातकिड्यावर झेप घेतली आणि खडाही गिळला," डॉक्टर म्हणाल्या. "आता कोमट पाण्यात बसवा. जेमतेम पोट बुडेल एवढंच पाणी. दिवसातून तीनदा, पंधरा मिनिटं. पाचव्या दिवशी सकाळी दहाची वेळ देते. तोवर पडला नाही तर ऑपरेशन... आणि एवढ्याशा जिवाचं मी काही सांगू शकत नाही."

ती एक्स-रेतल्या त्या ठिपक्याकडे बघत राहिली. माझ्याच हातानं. माझ्याच हौसेनं.

"सकाळी जमेल, संध्याकाळी जमेल," जिना उतरताना ती म्हणाली. "दुपारी मालक सोडत नाहीत. आणि मावशी बेडूक दिसला की खुर्चीवर चढते."

"दुपारी मी याच भागात असतो," तो म्हणाला. आणि लगेच, इकडेतिकडे बघत, "म्हणजे... तुमची हरकत नसेल तर."

दुसऱ्या दिवसापासून तो जेवणाच्या सुट्टीत यायचा. मावशी दार उघडून स्वयंपाकघरात पळायची, आणि तो तिला दुकानात फोन करायचा.

"भाऊसाहेब पाण्यात बसलेत."

"पाणी गरम नाही ना?"

"मनगटावर पाहिलं. एकटक बघतायत माझ्याकडे."

"काय म्हणतायत?"

"म्हणतायत, बाई चांगली आहे, पण खडे निवडण्यात जरा कच्ची."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हणालो... पहिल्या भागाशी सहमत."

तिचं लक्ष हातातल्या भिंगावरून उडालं. घासायचं चाक फिरत राहिलं, आणि एका गृहस्थाचं डावं भिंग नको तेवढं पातळ झालं.

तिसऱ्या दिवशी मावशी खोलीच्या उंबऱ्यापर्यंत आली. चौथ्या दिवशी तिनं तिथूनच हात लांब करून थर्मामीटर दिलं. "अठ्ठावीसच्या वर नको ना रे?" असंही विचारलं. पण चौथी संध्याकाळ झाली तरी बशीतलं पाणी स्वच्छच होतं, खडा नव्हता. भाऊसाहेब डोळे अर्धे मिटून काचेला टेकले होते.

"तू केलंस तेवढं खूप केलंस गं," मावशी हळू आवाजात म्हणाली. "आता जे व्हायचं ते होईल."

"उद्याचे दहा वाजायचेत अजून," ती म्हणाली. "तोवर मी आहे."

सकाळी सहाला तिनं पाणी कोमट केलं. साडेसहाला बेल वाजली. दारात तो, केस ओलेच.

"दहापर्यंत थांबवेना," एवढंच म्हणाला.

दोघं बशीच्या दोन बाजूंना गुडघ्यांवर बसले. पंधरा मिनिटं झाली. तिनं पाणी बदललं. पुन्हा बसवलं. त्याचा खांदा तिच्या खांद्याला लागत होता आणि दोघांनाही ते कळत होतं. आणि मग चिनीमातीच्या बशीत एक बारीकसा आवाज झाला. टक्.

"पडला!" ती ओरडली. त्यानं तिचं मनगट घट्ट धरलं. मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि मनगट सुटलं.

"आता तुम्हाला दुपारी यायला नको," ती गडबडून म्हणाली. त्याचे कष्ट वाचले, असं तिला म्हणायचं होतं.

"हो," तो उठत म्हणाला. "आता... काही कारण नाही."

सहा दिवस तो आला नाही. भाऊसाहेब मात्र सुटले. पेटीत आता ओला, मऊ कागद होता, आणि रातकिडे मटामट जात होते. तिनं फोन तीनदा हातात घेतला आणि तीनदा ठेवला.

"लिफ्टवाला येईना झाला," सातव्या सकाळी मावशी म्हणाली.

"त्याचं काम झालं."

"आणि तुझं गं?"

त्या दुपारी तिनं चाक बंद केलं. "अर्धा तास जाते," असं मालकांना सांगितलं, विचारलं नाही. दवाखान्यात कळलं, की तो मागच्या सात मजली इमारतीत आहे. ती चार मजले चढली. लिफ्टचं दार उघडं, समोर आडवी दांडी, 'काम चालू आहे'ची पाटी. तिनं वाकून पाहिलं. दोन मजले खाली, लिफ्टच्या टपावर, बॅटरीचा उजेड हलत होता.

"लिफ्ट बंद आहे! जिन्यानं जा!" खालून आवाज आला.

"मी आहे!"

उजेड थांबला. "भाऊसाहेब बरे आहेत ना?"

"ते मजेत आहेत. मी नाही!"

"काय झालं तुम्हाला?"

"यायला नको असं मी म्हणाले ते बेडकासाठी! माझ्यासाठी यायला हवंय! ऐकू येतंय का?"

"अहो, सगळ्यांना येतंय!" तो कसाबसा म्हणाला. आणि खरंच, वरून एका बाईंचा आवाज आला, "सातव्यावर पण येतंय!"

तिचे कान तापले. एरवी ती जिन्यानं पळत सुटली असती. पाय वळलेसुद्धा. पण तिनं दांडी दोन्ही हातांनी धरली.

"मग सगळ्यांनीच ऐका! मला तू आवडतोस! भाऊसाहेब आजारी नसतानासुद्धा!"

खाली काहीतरी लोखंडी खणकन पडलं. मग बॅटरी विझली. आणि जिन्यात पावलं वाजू लागली, दोन-दोन पायऱ्या गाळत. तो समोर आला तेव्हा त्याला धाप लागली होती, डोक्यावरचं हेल्मेट तिरकं झालं होतं.

"मी रोज..." त्यानं श्वास घेतला. "रोज त्या वेळेला तुमच्या... तुझ्या गल्लीच्या तोंडाशी येऊन परत जायचो. बेडूक बरा झाला, आता कुठल्या तोंडानं बेल वाजवू?"

"याच तोंडानं."

तो हसला. मग तिच्या कानाशी वाकून, अगदी हळू, जे बोलायचं ते बोलला. काळ्या रेघांचा हात पांढऱ्या भुकटीच्या हातावर आला, आणि या वेळी कुणीच काढून घेतला नाही.

"अहो ताई!" सातव्या मजल्यावरून आवाज आला. "काय म्हणाला तो? इथं काही कळलं नाही!"

तिनं दांडीवरून वाकून वर पाहिलं.

"हो म्हणाला!"