चार-दहाची ओळ

"आत कोणी आहे का, विचारल्याशिवाय दार लावायचं नाही." बाबांचा हा आवाज धाकटीच्या कानात लहानपणापासून मुरलेला. याच शीतगृहाच्या दारांवर त्यांची हयात गेली. आता ती दारं ब्राउझरमधल्या एका पानावरून लागत, उघडत. ते पान धाकटीनं आणि दादानं मिळून लिहिलेलं.

काल चार-दहाला एक हमाल आत कोंडला गेला. दहा मिनिटं तो दार बडवत राहिला. धाकटीनं ऐकलं आणि उघडलं. आज दार तिनंच लावलं असं ठरत होतं, आणि नोकरी जाणार होती.

मालकानं तपासाला बोलावलेल्या बाई आपल्या दिरासह त्या बिनखिडकीच्या खोलीत बसल्या होत्या. हमालानं वेळा सांगितल्या. धाकटी "मी उघडलं" एवढंच म्हणाली. दादा आपण तिकडे फिरकलोच नाही म्हणाला. कालपासून चालू असलेल्या पानाचा कन्सोल, म्हणजे कामाच्या नोंदी उमटतात ती चौकट, त्यानं उघडला. हिनं घातलेल्या जादा ओळींची नुसती खोगीरभरती होती, काढ म्हटलं तेव्हा कुठे काढल्या, असं कुरकुरत त्यानं चार-दहाची ओळ बाण दाबून उलगडली.

दिरांनी वाचलं, "कुलूप: नाही. हात: धाकटी. घ्या वहिनी, नावच आहे. चला घरी."

"बसा भाऊजी. हमाल दार बडवत होता, त्या वेळी कुलूप 'नाही' कसं?"

भाऊजी बसले.

"log म्हणजे कन्सोलमध्ये ओळ उमटवणारा हुकूम," बाई म्हणाल्या. "त्याला अख्खी नोंद दिली की तो तिचा फोटो काढत नाही, नुसतं बोट दाखवतो. बाण दाबाल तेव्हा नोंदीत जे असेल ते दिसतं. तुम्ही वाचलीत ती चार-वीसची सुटका."

"मग लावलं कोणी?"

बाई धाकटीकडे वळल्या. "तुझ्या ओळी काढल्यास, की लपवल्यास?"

बोलावं तर दादा बुडतो, गप्प राहावं तर आपण. खोलीची हवाच संपल्यासारखी झाली.

"लपवल्या," ती पुटपुटली. "log च्या जागी debug केलं."

ब्राउझर debug च्या ओळी आपणहून दाखवत नाही. कोणत्या ओळी दाखवायच्या, त्या कन्सोलमधल्या यादीत बाईंनी एक खूण केली. चार-दहाखाली एक ओळ दिसू लागली: कुलूप: होय. हात: दादा.

"ही साधी अक्षरं," बाई म्हणाल्या. "उमटली तेव्हाच वाळली. नंतर बदलत नाहीत."

दादा धाकटीकडे वळला.

"बाबांचा आवाज आला होता गं मला," तो म्हणाला. "घाई होती. मी विचारलं नाही."