सरळ रेघेचे पंधरा तास

“बाबा, संजयकाका असा नाही!” वर्षा ओसरीवरून ओरडली.

“हळू बोल, याडी ऐकते!” हिरासिंग दटावून म्हणाले. त्यांच्या घरी आईला याडी म्हणत. पण मघाशी आजीच्या खाटेजवळ उभं राहून “पोरगं काही येत नाही आता!” असं बोललं कोण? हेच की! मोठ्या माणसांना कधी कधी मुळीच कळत नाही!

फुलसावंगीजवळच्या त्या तांड्यात यंदा दिवाळीच्या सुट्टीला काही मजाच नव्हती. रामीबाई आजीला दवाखान्यातून परत आणलं होतं. आता तिच्या दुखण्यावर काही औषध उरलं नव्हतं. तिला फक्त धाकट्या लेकाला एकदा बघायचं होतं. “निघालो!” एवढंच कळवून संजयकाका टोरांटोहून निघाला. हिरासिंगांनी मोबाइलमध्ये दोन शहरांची नावं टाकली आणि जाहीर केलं, “नागपूर बारा हजार किलोमीटर, पंधरा तास! याडी, सकाळी पोरगा दारात!”

सकाळ गेली, दुपार झाली. काकाचा फोन बंद. आजीनं भिंतीकडे तोंड फिरवलं. पाण्याचा चमचासुद्धा घेईना.

“ताई, काका तिकडं घरीच बसला असता, तं फोन बंद काहून राहीन?” धाकटा बादल कुजबुजला.

वर्षानं बाबांचा मोबाइल उचलला. नकाशावर दोन शहरांमध्ये एक सरळ रेघ होती. “अरे, हे तं नुसतं सरळ अंतर हाये! मागच्या खेपेला काका विमान बदलायले दोहाला किती वेळ बसलता! अन् नागपूरहून इथवरचा रस्ता? बाबांनी तो धरलाच नाही!”

“उज्ज्वलाकाकीले विचारू! काकी तं टोरांटोलेच हाये!” बादल म्हणाला.

“तिकडं रात्र हाये. झोपमोड कायले करता?” बाबा म्हणाले.

“आजीपेक्षा झोप मोठी हाये काय?” वर्षानं फोन लावलाच.

काकी दचकून उठली. “अवं, दोहाहून विमानात बसताना बोलले ते माझ्याशी! तुमचा फोनच लागला नाही म्हणे. अंधार पडेपर्यंत पोचतीन!”

दोघं आत धावले. “आजी, काका वाटेत हाये!” आजी हललीसुद्धा नाही. एकदा फसली होती ना ती! बादलनं मोबाइलच तिच्या कानाला लावला.

“याडी, निघाले हो ते!” काकी रडत होती.

आजीचे ओठ हळूच उघडले. वर्षानं तिला चमच्यानं पाणी पाजलं.

अंधारू लागलं तेव्हा जीप आली. काका बूटही न काढता आत धावला. “याडी!”

आजीनं त्याचा चेहरा चाचपला. “जेवला का रे?” एवढंच बोलली. त्याचा हात धरूनच थोड्या वेळानं ती गेली.

हिरासिंगांनी पोरांना जवळ ओढलं. त्यांना हुंदका आवरेना. “शाबास पोरांनो! मी तं मायलेकाची भेटच चुकवत होतो. काकासाठी तुम्ही आजीले थांबवून ठेवलं!”

वर्षा त्यांचा हात सोडवून काकाला बिलगली.

“मंग अजून उशिरा याचं होतं ना काका!” ती हमसून हमसून रडत म्हणाली. “तोवर तं आजी राह्यली असती!”