हॉइट म्हणाला, मी सोडली

व्हर्नामावशीनं मला बजावलं होतं, "मिल बंद पडलेला माणूस नव्या विधुरासारखा असतो. वर्षभर त्याच्याकडे बघूसुद्धा नये." मी हसण्यावारी नेलं. मावशीचा सगळा जन्म अमेरिकेतल्या कॅरोलायनात, आमच्या मोज्यांच्या मिलमध्ये गेलेला. तिला प्रत्येक माणसात काहीतरी बिघाड दिसायचाच.

मिलची यंत्रं होंडुरासला गेली, त्या हिवाळ्यातली गोष्ट. काम परदेशी गेल्यामुळे ज्यांना काढलं, त्यांना सरकार नवीन शिक्षणाची फी देणार होतं, शिवाय शिकेपर्यंत भत्ता. नावनोंदणी चर्चच्या हॉलमध्ये होती आणि त्याच दिवशी पाचला बंद होणार होती. कुणी सांगितलं नव्हतं, तरी माणसं आपापल्या खात्याप्रमाणे बसली होती. विणकामवाले खिडकीकडे, शिलाईच्या बायका मधोमध, पॅकिंगवाले दाराशी. मी मिलच्या ऑफिसातली, कॉलेज शिकलेली. मला कुठल्याच घोळक्यात जागा नव्हती, म्हणून माझ्या चार वर्षांच्या लेकीला, टेसाला, घेऊन सरळ रांगेत उभी राहिले.

माझ्या पुढ्यात एक उंच, रुंद पाठ होती. मी पर्समध्ये टेसाचं खोकल्याचं औषध शोधत होते, तेवढ्यात…

"बाई, तुमचं काहीतरी माझ्याकडे आलंय."

टेसानं माझा समजून त्याचा हात धरला होता. मी ओशाळले. "सोडवून घ्या ना!"

"बघितलं सोडवून. पकड फार घट्ट आहे हो." तो हसला नाही, पण डोळ्यांच्या कडा जराशा हलल्या. हात मात्र त्यानं तसाच राहू दिला… आपला नंबर येईपर्यंत.

"नाव?" टेबलामागच्या बाईंनी विचारलं.

"हॉइट लेडफर्ड. विणकाम. यंत्रं दुरुस्त करायचो."

"नोकरी कशी गेली?"

खिडकीकडची कुजबुज थांबली. त्याची मान ताठ झाली. "गेली नाही. मी सोडली."

"स्वतःहून सोडली असेल, तर ही मदत मिळत नाही हं."

"मग नको." आणि तो निघालाच.

काढलेल्यांत त्याचं नाव होतं, हे मला ऑफिसात असल्यामुळे पक्कं ठाऊक होतं. रांग सोडली, टेसाला कडेवर घेतलं आणि त्याच्या मागे धावले. बाहेर बारीक, बर्फासारखा गार पाऊस. तो आपल्या गाडीत उकडलेल्या शेंगांची पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. एकही सोललेली नव्हती.

"खोटं का बोललात?"

"पोरीला भिजवू नका. आत बसा."

बसले. टेसानं पिशवीत हात घातला.

"एकोणीस वर्षं," तो काचेकडे बघत म्हणाला, "माझ्या हाताखाली एकही यंत्र दिवसभर बंद राहिलं नाही. माझा बापही तिथलाच. आणि आता त्या सगळ्यांसमोर म्हणू, की मला काढून टाकलं?"

"ते सगळेही तेच म्हणणार आहेत."

"म्हणोत. तुम्हाला नाही कळायचं. तुम्ही ऑफिसातल्या."

मला राग आला… आणि रागात जे कुणालाच सांगितलं नव्हतं, ते बाहेर पडलं. "गावात सगळ्यांना वाटतं, मी नवऱ्याला सोडलं. मीच पसरवलंय तसं. खरं म्हणजे तो गेला. टेसा आठ महिन्यांची होती. निघताना तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही."

मग त्यानं एक शेंग सोलून दाणे माझ्या तळहातावर ठेवले. कोमट होते.

"माणूस गाढव होता," तो म्हणाला.

"होंडुरासला यंत्रं पाठवणारेही काही कमी नाहीत."

तेव्हा तो पहिल्यांदा हसला. मग त्यानं घड्याळाकडे बघितलं, पाच वाजत आले होते. "माझ्याबरोबर उभी राहशील?" मघापासूनचं 'तुम्ही' कुठे गळून पडलं, त्याचं त्यालाही कळलं नाही.

आम्ही परत गेलो. तो टेबलाशी उभा राहिला, आणि खिडकीपर्यंत ऐकू जाईल असं म्हणाला, "मघाशी मी चुकीचं सांगितलं. मला काढलं." खिडकीकडून एक म्हातारा खोकला आणि म्हणाला, "मलाही रे, पोरा." आणखी कुणीतरी, "मलाही." टेबलामागच्या बाईंनी मान खाली घालून त्याचं नाव लिहून घेतलं.

त्या वसंतात तो रोज संध्याकाळी यायचा. पायरी दुरुस्त करायला, नळ बघायला… बहाणे संपले, तेव्हा नुसताच. मावशी दार उघडून म्हणायची, "आज काय मोडलंय?" आणि तो म्हणायचा, "अजून काही नाही, मावशी. वाट बघतोय."

ऑगस्टमध्ये तो अ‍ॅशव्हिलला शिकायला गेला. दवाखान्यांतली यंत्रं दुरुस्त करायचं शिक्षण, दोन वर्षांचं. बस सुटायच्या आधी टेसा झोपली होती त्याच्या खांद्यावर. तो अगदी हळू म्हणाला, "ल्युअ‍ॅन, आपण… म्हणजे मी परत आल्यावर…"

"हो," मी म्हटलं.

"वाक्य तरी पूर्ण करू दे!"

"कर. उत्तर तेच आहे."

आता तो दर रविवारी फोन करतो. वर्गातली पोरं त्याच्याहून वीस वर्षांनी लहान, दोनदा नापास झालाय, भत्ता उशिरा येतो. हे मला त्याच्या मित्राकडून कळलं. तो स्वतः फक्त "मजेत आहे" म्हणतो. टेसाला ताप येतो, मी निघू शकत नाही. गेल्या रविवारी फोन आला नाही.

तुम्ही अ‍ॅशव्हिलच्या बाजूला राहत असाल, तर जुन्या रेल्वे यार्डामागे एक पिवळी इमारत आहे, वरच्या मजल्यावर हॉइट लेडफर्ड. जेवलास का, असं विचारू नका, हो म्हणेल. काहीतरी मोडकं घेऊन जा, दार वाजवा, आणि तो ते दुरुस्त करेपर्यंत जरा बसा त्याच्यापाशी.