लाल गादीची खुर्ची

भाऊजी, मागच्या आठवड्यात प्रांजली चष्मा घरीच विसरली, म्हणून तो द्यायला मी दुपारी ऑटोने हथखोजला गेले. पोरगी माझ्यासारखीच विसरभोळी. तिथल्या एका बंद कारखान्याच्या शेडमध्ये शिबिर भरतं, वस्तीतल्या सगळ्या पोरांना जावंच लागतं. माझे थोरले दीर, तुमचे भाऊ गुलाबराव, घरात बसून शिबिराच्या गुरुजींना हसले होते. त्यांच्याच मुलाने, शुभमने, ते तिथे सांगितलं. दुसऱ्या दिवशी गुलाबरावांना गाडीतून नेलं आणि शुभमच्या छातीवर बिल्ला लागला.

ऑटोत बसल्या बसल्या मी मनाशी पक्कं केलं, उद्याच पोरीला गोंदियाला माझ्या आईकडे सोडायचं. हे मी कुणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशीसुद्धा नाही.

शेडमध्ये अंधार होता. तापलेल्या पत्र्याचा आणि जुन्या ग्रीसचा वास येत होता. पोरं रांगेत बसली होती. समोर एक खुर्ची, तिच्यावर लाल गादी. खुर्चीत कुणीच नव्हतं. तरी एकेक पोर उठायचं, खुर्चीकडे बघत घरातलं बोलणं सांगायचं आणि खाली बसायचं. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

मग प्रांजली उठली.

"आई मले उद्या गोंदियाले धाडून राहिली," ती खुर्चीला म्हणाली. "बाबालेबी सांगतलं नाही तिनं."

धावत जाऊन मी तिचं मनगट धरलं. तोल गेला म्हणून दुसरा हात खुर्चीवर टेकला. गादी गरम होती... कुणी नुकतंच उठून गेल्यासारखी.

"कोणं सांगतलं तुले हे?"

"तूच," ती म्हणाली. "आता... ऑटोमंदी."

त्याच संध्याकाळी दोन माणसं दारात आली. गोंदिया रहने दो भाभी, बच्ची यहीं ठीक है, असं हसून सांगून गेली. तेव्हापासून मी मनातसुद्धा जपून बोलते. भाजी कोणती करायची, एवढंच मनात आणते. फार भीती वाटते हो.

तुम्ही आज नागपूरहून कुणालाही न कळवता आलात, म्हणून हे सांगितल्याशिवाय राहवलं नाही. पण मी पाणी आणायला आत गेले तेवढ्यात तुम्ही या लाल गादीवर बसलात. ही खुर्ची आमच्या घरातली नाही. सकाळी शिबिराला जाताना प्रांजलीने ती इथे मांडून ठेवली. काका येतील, म्हणाली.

खरं सांगा भाऊजी... बसलात तेव्हा गादी गरम होती का?