उजवीकडे पाहणारा बगळा

"मला तो माणूस हवाय. गजाआड. आणि त्याआधी चारचौघांत नाक घासताना!"

पारखीसाहेबांनी पितळी घड्याळ टेबलावर आदळलं. भाऊजींनी दचकून चहाचा कप सावरला. वहिनींनी आधी पाहुण्याचा चेहरा पाहिला, मग घड्याळ.

वहिनी खासगी तपासाची कामं घेत. भाऊजी त्यांचे धाकटे दीर. निवृत्तीनंतर ते मदतीला येत आणि मदत सोडून बाकी सगळं करत. पारखीसाहेबांचं जुन्या वस्तूंचं मोठं दुकान होतं. शिवाय ऑनलाइन खरेदीत नकली माल कसा ओळखावा, हे शिकवणारा त्यांचा कार्यक्रम असंख्य लोक बघत. त्याच कार्यक्रमात त्यांनी नुकतंच ऑनलाइन घेतलेलं हे घड्याळ मोठ्या तोऱ्यात दाखवलं होतं. वर पितळी बगळा, मान उजवीकडे वळवलेली. तेवढ्यात एका प्रेक्षकाने लिहिलं, 'साहेब, स्क्रू सगळे एकसारखे, यंत्रावर कापलेले. जुने स्क्रू हातानं कापलेले असतात, हे तुम्हीच शिकवलंत ना?' त्यानंतर लोक हसले ते हसलेच.

"घेताना स्क्रू पाहिले नाहीत?" वहिनींनी विचारलं.

"जाहिरातीत फोटो होते सगळे. पण घाई केली. दुसऱ्यानं पळवलं असतं तर? नंतर पाहतो तर बिजागरीची खीळही लोखंडी. मूळ घड्याळात ती पितळी आहे!"

वहिनींनी मागचं झाकण उघडलं. दुरुस्ती करणारे कोरून ठेवतात तशी अक्षरं आत होती. त्यांनी पर्समधला छोटा आरसा काढला, क्षणभर पाहिलं आणि परत ठेवला.

"आरशात काय बघता?" भाऊजींनी विचारलं.

"कपाळ," वहिनी म्हणाल्या.

दुकानात पहिला भेटला तो भागीदार.

"साहेब बुडाले तर मीही बुडेन, बाई. माझ्यावर कसला संशय? आतल्या खोलीत मला पाऊल टाकू देत नाहीत ते. कपाटात काय आहे ते देव जाणे. आणि एरवी तळाचा फोटो मागवल्याशिवाय चमचासुद्धा न घेणारा माणूस हा! हे मात्र मला न विचारता घेऊन बसले."

घड्याळजी बाहेरच्या कट्ट्यावर काम करत होता. बगळा पाहून त्याने भुवया उंचावल्या.

"हे पहिल्यांदाच पाहतोय. पण माझ्या गुरूंनी सांगितलं होतं. असली घड्याळं जोडीनं बनायची, एक बगळा डावीकडे बघणारा, एक उजवीकडे. एकटं असलं तर बरं, जोडी जमली तर सोनं."

भाऊजी वहिनींच्या कानाशी लागले. "हाच तो. फार माहिती आहे त्याला."

"माहिती असणं गुन्हा असता भाऊजी, तर तुम्ही कायमचे सुटला असता."

तिसरी होती साहेबांची भाची. जाहिरातींचे फोटो तीच काढायची. पडद्यावर एक चिनी बरणी होती. तिने बटण दाबलं, तशी शेजारी तीच बरणी उलट्या बाजूने उभी राहिली.

"एकीच्या दोन केल्यास?" वहिनींनी विचारलं.

"चौकटीला शोभतं."

"आतल्या कपाटांच्या किल्ल्या?"

"माझ्याकडे. फोटो काढायला माल बाहेर काढावाच लागतो."

"आई गेल्यापासून मामांकडेच असतेस?"

"हो. बाबा आधीच गेले होते. आईनं त्यांचा फोटो भिंतीवरून उतरवला होता. एका वस्तूपायी. बाबा थापाडे, असं म्हणतच गेली ती."

तिचा आवाज कोरडा होता.

संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना आतल्या खोलीत बोलावलं.

"झाकणातली अक्षरं उलटी आहेत," त्यांनी सुरुवात केली. "आरशातच सरळ वाचता येतात. दुरुस्ती करणारा उलटं कशाला कोरेल? म्हणजे ही नक्कल एका खऱ्या घड्याळाच्या फोटोवरून झाली आणि तो फोटो आधी उलटा केला होता. त्यामुळे बगळा उजवीकडे वळला, अक्षरंही उलटली. खरं घड्याळ डावीकडे बघणारं. ते कुठे आहे?"

साहेबांची नजर कपाटाकडे गेली.

"साहेब, तुम्ही म्हणालात, मूळ घड्याळात खीळ पितळी *आहे*. 'असते' नाही, 'असावी' नाही. समोर ठेवलेल्या वस्तूबद्दल माणूस 'आहे' म्हणतो. तुमच्याकडे एक होतं, म्हणूनच जोडीदार दिसताच भान सुटलं. पण ते तुमच्याकडे आहे हे कोणाला माहीत? भागीदाराला ही खोली बंद. घड्याळजीही बाहेरच बसतो. किल्ल्या आणि कॅमेरा एकाच व्यक्तीकडे."

भाचीने मान खाली घातली नाही.

"नक्कल मीच करवून घेतली, दुसऱ्या नावानं जाहिरातही मीच टाकली. अक्षरं मुद्दाम उलटी ठेवली," ती म्हणाली. "जाहिरातीत त्या अक्षरांचा मोठा फोटो होता. मामा जगाला शिकवतात तसं त्यांनी स्वतः पाहिलं असतं, तर सुटले असते."

"कृतघ्न कार्टी! पोलिसांत देतो तुला!"

"द्या की. पैसे तसेच ठेवलेत, ते घ्या आणि तक्रार करा. पण नकली कशावरून, असं विचारलं तर अस्सल दाखवावं लागेल. माझ्या बाबांचं. आई विकायला घेऊन आली, तेव्हा तुम्ही सांगितलंत, नकली आहे, नवऱ्यानं फसवलं तुला. राहू दे माझ्याकडे अडगळीत. सख्ख्या बहिणीला! ती मेलेल्या माणसाशी भांडत मेली, मामा."

भागीदार पारखीसाहेबांपासून एक पाऊल मागे सरकला.

पारखीसाहेबांनी वहिनींकडे वळून पाहिलं. "तुम्ही माझ्या बाजूच्या ना? घराची अब्रू आहे हो..."

"गुन्हेगार शोधून द्या म्हणालात. दोन सापडले. कोणाची तक्रार आधी लिहायची, ते तुम्ही ठरवा."

मग साहेबांनी कपाट उघडून डावीकडे बघणारा बगळा बाहेर काढला आणि भाचीसमोर ठेवला. ती त्याच्याकडे पाहतही नव्हती. तिने खुर्ची ओढली, दिवा लावला, कॅमेरा सुरू केला.

"बसा. तुमचे सगळे प्रेक्षक बघताहेत. बाबांचं नाव घेऊन सांगा."

पारखीसाहेब पुटपुटले, "हे घड्याळ... अस्सल होतं. माझ्या मेव्हण्यानं... खोटं सांगितलं नव्हतं."

"ऐकू आलं नाही, मामा," ती म्हणाली. "पुन्हा. मोठ्यानं."