योकला बांधलेलं घड्याळ

लोकेशचा यंत्रांवर भरवसा होता, पण एकट्या यंत्रावर कधीच नव्हता. समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या मस्कतजवळच्या एका कारखान्यात तो मापनयंत्रं तपासायचा. प्रत्येक काट्याला जोड काटा हवा, हे त्याच्या हाडीमाशी खिळलेलं. म्हणूनच हौशी वैमानिकाचा परवाना हातात पडल्यावर त्याने पहिली खरेदी केली ती स्मार्टवॉचची. त्यात उंची कळायची, दिशा कळायची, धावपट्टीकडे रोखलेला बाण दिसायचा. स्वतःचं सिमही होतं. उडताना तो ते मनगटावरून काढायचा आणि विमानाच्या योकला, म्हणजे हातात धरायच्या सुकाणूला, पट्ट्याने आवळून बांधायचा. मान न वळवता नजरेसमोर राहायचं.

त्या शुक्रवारी त्याची बायको प्रणाली पहिल्यांदाच त्याच्याबरोबर वर यायला तयार झाली होती. ती रुवीच्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होती आणि दोन वर्षं काही ना काही निमित्त काढून टाळत आली होती. मुलीला, मैत्रीला, घराजवळ अमेरातमध्येच नाचाच्या क्लासला सोडून दोघं रुस्ताकच्या पलीकडच्या छोट्या धावपट्टीवर पोहोचले. विमानांची देखभाल करणारे भिकाजी, मूळचे वेंगुर्ल्याकडचे, चाकांखालचे लाकडी ठोकळे काढत होते.

"डोंगरात धुरळा उठलाय, साहेब. लांब जाऊ नका."

"यल्ला, चला! एक चक्कर मारून आलोच," लोकेश म्हणाला.

वर गेल्यावर प्रणालीची भीड चेपली. खाली करड्या डोंगरांच्या घड्या, त्यांच्या फटीत खजुरांची हिरवी रेघ, मधेच एखादं पांढरं घर. हेडफोनमधून ती त्याला एकेक दाखवत होती. मग तिची नजर योककडे गेली.

"हे काय? पल्स दाखवतंय? कुणाची?"

लोकेश हसला. "सेन्सर हिरवा प्रकाश टाकतो आणि परत येणारा मोजतो. योक थरथरतो, त्यालाच ते नाडी समजतं. मी एकदा केळ्याला बांधून बघितलं होतं. केळंही ठणठणीत निघालं."

घड्याळावर बासष्ट होते. शांत बसलेल्या माणसाचे.

परत फिरायच्या बेतात असतानाच समोरचा उपकरणांचा पडदा एकदा फडफडला आणि काळा झाला. पाठोपाठ रेडिओ गेला, हेडफोन मुके झाले. वीज गेली होती. इंजिनला बॅटरी लागत नाही, त्यामुळे ते घरघरत होतं. लोकेशने बटणं उघडमीट करून पाहिली. काही नाही.

"काय झालं?" प्रणाली ओरडली. आता ओरडूनच बोलावं लागणार होतं.

"काही नाही. घड्याळ आहे ना!"

आणि खरंच, बाण दिसत होता. लोकेशने नाक त्या दिशेला वळवलं. या दिवसासाठीच तर घेतलं होतं. पण तेवढ्यात डोंगराच्या खांद्यावरून धुरळा उतरला. आधी क्षितिज पुसलं गेलं, मग खालची वाट, मग पंखाचं टोक फिकट झालं. चहूकडे एकच पिवळट रंग. नाकातोंडात मातीचा वास. वर चढावं, तर तापलेल्या हवेत ते जुनं विमान कसंबसं इंचाइंचाने चढत होतं, आणि आजूबाजूचे कडे त्याच्याहून उंच होते.

मग बाण गेला. 'सिग्नल नाही.' आखातात हल्ली कुणीतरी जीपीएस असं मधेच अडवतं, क्लबात त्यावर बोलणंही व्हायचं. घड्याळाच्या काचेवर फक्त नाडी उरली.

लोकेशने होकायंत्र पाहून उत्तर दिशा धरली. उत्तरेला सपाटी होती, पुढे समुद्र. मधे मात्र डोंगराचे फाटे होते आणि ते नेमके कुठे, हे आता त्याला सांगता येत नव्हतं.

"मैत्रीकडे घराची किल्ली नाहीये," प्रणाली म्हणाली. ओरडून नाही, त्याने ते ओठांवरून वाचलं.

घड्याळावर आकडा चढत होता. शहाऐंशी. एकशे चार.

इंजिनचा आवाज बदलला नव्हता. योकची थरथर तीच होती. लोकेशने कारण शोधलं. सापडलं नाही.

एकशे तीस.

प्रणालीही तेच बघत होती. तिने आधी स्वतःच्या मनगटावर दोन बोटं ठेवली. मग हात लांबवून त्याच्या मानेवर. तिची बोटं गार होती. थोडा वेळ तिने काचेवर नाडीबरोबर लुकलुकणाऱ्या ठिपक्याची उघडझाप पाहिली आणि त्याच्या कानाशी तोंड आणलं.

"तुझी नाही. माझीही नाही."

"सेन्सर आहे तो, प्रणाली."

"लोकेश, ते घाबरलंय."

एकशे अठ्ठेचाळीस.

का, ते त्याला पुढेही कधी सांगता आलं नाही, पण त्याने योक उजवीकडे वळवला. आकडा थबकला. उतरू लागला. एकशे दहा. नव्वद.

चाचणी एकदाच घेऊन भागत नाही. त्याने विमान हळूच पुन्हा डावीकडे झुकवलं.

आकडा उसळला.

आणि डाव्या पंखापलीकडच्या पिवळ्या धुरळ्यातून खडक पुढे आला. नुसता काळपट रंग नाही. भेगा दिसाव्यात, भेगेतलं बाभळीचं वाळकं झुडूप दिसावं, इतका जवळ. प्रणाली किंचाळली. लोकेशने योक उजवीकडे दाबला आणि खडक तसाच मागे सरकून विरून गेला.

मग त्याने होकायंत्राकडे पाहिलंच नाही.

आकडा चढला की वळायचं. उतरला की सरळ.

कितीदा वळला, आठवत नाही.

तळहात घामाने निसटत होते. घड्याळाचा पट्टा करंगळीला लागला, तेव्हा त्याने हात झटकून दूर घेतला.

धातूचा योक तेवढ्या भागात उबदार होता.

मग खाली हिरवं दिसलं. खजुरांच्या बागा, त्यांच्या कडेची भिंत, ओळखीचा रस्ता. लोकेशने विमान धावपट्टीवर टेकवलं, ते दोनदा उसळून थांबलं. भिकाजी धावत आले. लोकेशने सवयीने घड्याळाकडे हात नेला, तर प्रणालीने तो वरच्यावर धरला.

"राहू दे."

त्याने हात मागे घेतला. मग दोघंही उतरले.

गाडीत ती सगळा रस्ता खिडकीबाहेर बघत होती. अमेरातला पोहोचले तेव्हा मैत्री जिन्यात बसली होती. "मम्मा, व्हेअर वेअर यू? किती वेळ..." तिचं वाक्य अर्धंच राहिलं, कारण प्रणालीने तिला जवळ ओढलं आणि बराच वेळ सोडलंच नाही.

मगरिबची, संध्याकाळची अजान होऊन गेल्यावर लोकेश एकटाच गॅलरीत आला. कारणं त्याच्याकडे होती. तापमान, कंपन, घामाचा ओलावा. पैकी एखादं तरी खरं असेल. योकला बांधलेलं घड्याळ दिवसभराची नोंद आपल्या सिमवरून फोनवर पाठवत असणार, ती नीट बघावी म्हणून त्याने ॲप उघडलं. आलेखात आजचा डोंगर उभा होता. त्यापुढे उतार, आणि मग एक संथ, सलग रेघ. आत्ताचा आकडा चोपन्न. खाली निळ्या अक्षरांत ओळ होती: 'गाढ झोप.'

तो त्या ओळीकडे बघत असतानाच फोन वाजला.

"साहेब, भिकाजी. विमान आत घेतलंय. तुमचं घड्याळ योकलाच राहिलंय. काढून ठेवू?"

लोकेशने उत्तर द्यायला तोंड उघडलं. जे बोलायचं ठरवलं होतं ते आलंच नाही.

"नको," तो म्हणाला. "उठवू नका."

कुणाला, असं भिकाजींनी विचारलं नाही. नुसतं "बरं" म्हणाले, आणि तेव्हा लोकेशच्या ध्यानात आलं, की फोन लागल्यापासून ते कुजबुजतच बोलत होते.